जुन्या मोटारीच्या ब्रेक ड्रमला रंग देताना

५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. १९६४ ची फियाट डिलाइट किंवा सुरुवातीची मार्क वन अँबॅसिडर आता याच वर्गात मोडते. या नोंदणीच्या गाड्या रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. म्हणजे गाडी बहुतेक काळ उभी असते, आणि उभ्या गाडीला गंज जास्त धरतो. मालक बॉडीवर हजारो रुपये खर्च करतो. पण चाकाच्या जाळीतून आत पाहावे तर तांबूस गंजलेला ड्रम दिसतो. मग तो मिस्त्रीला म्हणतो, "याला पण जरा रंग मारून टाका." हे काम 'जरा'चे नाही. पेंटर आणि मिस्त्री मंडळींनी ते नीट समजून हाती घ्यावे.

ड्रम बिडाचा असतो. बिडाला दमट हवेत, त्यातही मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत, पाहता पाहता गंज चढतो. बाहेरचा गंज वरवरचा असला तर ब्रेकला लगेच अपाय होत नाही. पण ड्रम आणि हब यांच्या सांध्यात गंज शिरला की तो फुगतो आणि ड्रम जागेवर घट्ट बसतो. मग पुढच्या वेळी ड्रम काढताना हातोडा चालतो आणि कडा तुटते. जुन्या गाडीचा ड्रम तुटला तर तसाच दुसरा शोधताना कुर्ल्यापासून नाना पेठेपर्यंत पायपीट होते, हे अनुभवी माणसाला सांगायला नको.

रंग द्यायचा तर ड्रम गाडीवरून उतरवूनच. जागेवर ब्रश फिरवणे सोपे वाटते. पण रंग किंवा थिनर आत लायनरवर गेला तर ते लायनर बदलावे लागते. रॉकेल-पेट्रोलने व्हील सिलिंडरचे रबर फुगते. ड्रम उतरवल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ही विनंती आग्रहाने करतो. जुन्या लायनरमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ती धूळ फुफ्फुसात बसते आणि तिचा त्रास पुष्कळ वर्षांनी दिसतो. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमध्ये शिकायला आलेली पोरे आसपास असतील तर त्यांना आधी बाजूला करावे.

रंगापूर्वी ड्रम दोरीला टांगून हलका ठोका मारून पाहावा. चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो, चीर गेलेला बदबद वाजतो. बदबद वाजणाऱ्या ड्रमला रंग देणे म्हणजे दोष झाकणे. काही ड्रमवर तोल साधण्यासाठी लहान लोखंडी तुकडा जोडलेला असतो, तो काढू नये.

बीड सच्छिद्र असल्याने वर्षानुवर्षांचे ग्रीस त्यात मुरलेले असते. वरून कितीही पुसले तरी ड्रम तापला की ते बाहेर येते आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून वायर ब्रशने गंज काढावा, थिनरने धुवावे, ड्रम थोडा तापवून घाम पुसल्यासारखे तेल पुसून घ्यावे आणि गार झाल्यावर पुन्हा थिनरने धुवावे. तापवताना थिनरचा डबा लांब ठेवावा. काही विलायती गाड्यांचे, उदाहरणार्थ १९५० च्या दशकाच्या अखेरच्या ब्युकचे पुढचे ड्रम, बाहेरून ॲल्युमिनियमचे असतात. त्यांना कॉस्टिक सोडा लावला तर धातूच खाल्ला जातो.

आता रंग कोणता? अनेक पेंटर सवयीने रेड ऑक्साइडचा हात मारून वर साधा एनॅमल देतात. दुकानात ड्रम चकचकीत दिसतो, पण घाट उतरताना तो २०० अंशांच्या वर सहज जातो. तेवढ्या उष्णतेत एनॅमल करपतो आणि त्याखालचे रेड ऑक्साइडही सुटते. उष्णता सोसणारा सिलिकॉनचा रंगच घ्यावा. डब्यावर अंश छापलेले असतात, ते वाचूनच घ्या. हा रंग शक्यतो स्वच्छ धातूवर थेट देतात. दोन पातळ हात पुरेत. जाड थर उष्णता अडवतो आणि लवकर तडकतोही. बहुतेक असे रंग भट्टीत किंवा वापरात तापल्यावरच पक्के होतात. न तापवलेल्या रंगावर ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर तो तिथल्या तिथे विरघळतो. माझ्या मते मॅट काळा सर्वात बरा: चंदेरीपेक्षा उष्णता चांगली बाहेर टाकतो आणि जुन्या गाडीला शोभतोही. लाल-पिवळ्या ड्रमची हौस रेसच्या गाड्यांनी करावी.

दोन जागी मात्र रंगाचा थेंबही नको. पहिली, ड्रमचा आतला घासणारा भाग. तिथे येणारा हलका गंज चार ब्रेक मारले की जातो. तिथे तेल-ग्रीसही लावू नये. दुसरी, हबवर आणि चाकावर टेकणारा सपाट भाग आणि नट बसण्याच्या जागा. पेंटर बहुधा इथेच चुकतो. तिथे रंगाचा थर राहिला तर नट आवळताना तो दाबला जातो, गाडी चालल्यावर आणखी बसतो आणि नट सैल पडतात. चाक निघाले तर रंग देणाऱ्याची चूक कोणी विसरत नाही. मास्किंग टेप लावूनच फवारा द्यावा. हबवर ड्रम बसतो त्या कडेला तांब्याच्या ग्रीसचे अगदी पातळ बोट पुरते.

मालकाला दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना हँडब्रेक लावू नये, चाकाखाली ठोकळा द्यावा. नाहीतर शू ड्रमला चिकटतो. आणि ५० किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणावी, म्हणजे नट पुन्हा आवळून देता येतील. त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. ते मूळ मजुरीतच धरावेत.