चपटी तार, गोल तार आणि झाडीपट्टीचा खर्ज

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलेच. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी या पट्ट्यात हा मोसम होळीपर्यंत चालतो. बऱ्याचशा नाटक कंपन्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजहून निघतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा उजाडता उजाडता पडतो. इथले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली आणि पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टी रंगभूमीचे नाव दूरवर पोचले. इथल्या नटांवर, नाटकांवर पुष्कळ लिहून आले आहे. मला लिहायचे आहे ते वादकांबद्दल, त्यातही सर्वांत खालच्या सुराबद्दल.

झाडीपट्टीत गाणी अजून प्रत्यक्ष गायली जातात. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड असा साज असतो आणि खर्जाची बाजू बहुधा ऑर्गन किंवा की-बोर्ड वाजवणाऱ्याचा डावा हात सांभाळतो. त्या हातावरचा भार बेस गिटारने उचलावा असे मला फार वाटते. पण नुसती बेस गिटार आणून भागत नाही. तिच्यावर तार कोणती चढवायची हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते निम्मा आवाज तिथेच ठरतो.

बेस गिटारची सर्वांत जाड तार हातात घेऊन तिच्यावरून नख ओढून पाहा. राउंडवाउंड तार असेल तर करकर आवाज येतो. आत पोलादाचा गाभा आणि त्यावर गोल तारेचे वेटोळे, त्यामुळे दर दोन वेढ्यांमध्ये बारीक खाच राहते. फ्लॅटवाउंडवर नख सरळ घसरत जाते, कारण तिचा सर्वांत वरचा वेढा चपट्या पट्टीचा असतो. गाभ्यावर वेढे देण्याचे कारण दोन्हींत एकच. जाड सळईसारखी एकसंध तार ताठर होते आणि तिचे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. वेढ्यांमुळे वजन वाढते, पण लवचीकपणा टिकतो.

ही जाड तार सेकंदाला साधारण 41 कंपने देते. तिच्याबरोबर 82, 124, 165 अशी वरच्या स्वरांची रांग उमटते. गोल वेढ्याच्या नव्या तारेत ही रांग फार वरपर्यंत जाते. म्हणून तिचा आवाज झगझगीत, धातूचा लागतो. चपट्या तारेत वरचे स्वर लवकर विझतात. खालचे तेवढे उरतात आणि आवाज गोल, भरीव होतो. शिवाय राउंडवाउंडच्या खाचांत घाम, मळ, धूळ साचते. काही आठवड्यांत तिची चमक जाते. वादक म्हणतात, तार मेली. फ्लॅटवाउंडला मुळात एवढी चमक नसते, त्यामुळे ती वर्षानुवर्षे जवळपास तशीच वाजते.

सतार-तंबोऱ्याच्या जाणकाराला हा भेद नवा नाही. घोडीची जवारी खुली ठेवायची की बंद, यावरून सतारीचा सगळा स्वभाव बदलतो. मिरजेच्या कारागिरांच्या पिढ्या त्या घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरवत आल्या. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे घोडी वरचे स्वर उलगडते, इथे तारेचा वेढा ते राखतो किंवा दाबतो. कारण वेगळे असले तरी कानाला पडणारा प्रश्न एकच: वरच्या स्वरांची झालर हवी किती?

बेस गिटारच्या इतिहासातही हाच प्रश्न दिसतो. लिओ फेंडरची ‘प्रिसिजन’ बेस गिटार 1951 साली बाजारात आली. त्या काळात बेसवर चपटी तारच असे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तर तार तुटेपर्यंत बदलत नसे. त्याच्या 1962 च्या फेंडरवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि तो त्या उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडी. ‘माय गर्ल’ हे गाणे ऐकताना सुरुवातीला कानावर येतो तो त्याचाच खर्ज. मग 1966 साली ‘द हू’ या रॉक बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल आणि रोटोसाउंड कंपनी यांनी मिळून बेससाठी राउंडवाउंड तार घडवली. एन्टविसलला बेस गिटार पियानोसारखी खणखणीत, पुढे येऊन बोलणारी हवी होती. रॉकला ती मानवली आणि बघता बघता जगभर पसरली. आज दुकानातून घेतलेल्या नव्या बेसवर बहुतेक वेळा तीच असते. ‘आयर्न मेडन’ बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस मात्र एवढ्या कडक संगीतातही फ्लॅटवाउंडच वाजवतो. म्हणजे चपटी तार जुन्या, मवाळ गाण्यांपुरतीच, हा समज खरा नाही.

आता पुन्हा मंडपात येऊ. झाडीपट्टीचे नाटक शब्दांवर चालते. हजारो माणसे उघड्यावर बसलेली असतात आणि गाण्यातले ‘च’, ‘स’, ‘ट’ शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवेत. ही व्यंजने साधारण 2,000 कंपनांच्या वर स्पष्ट होतात. तबल्याच्या चाटीची धार बरीचशी तिथेच असते. राउंडवाउंडची झगझग आणि तारेवरून बोटे सरकताना होणारी करकरही नेमकी त्याच भागात शिरते. मग साउंडवाला गायकाचा आवाज वाढवतो, तबलावाला आपला वाढवून मागतो आणि भोंगे फाटायला लागतात. चपटी तार ती जागा मोकळी सोडते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गावाकडच्या स्पीकरमधून 41 कंपनांचा मूळ स्वर धड निघतच नाही; मग वरचेही स्वर काढून टाकले तर ऐकू येणार काय? उत्तर आपल्या कानातच आहे. 82, 124, 165 ही रांग मिळाली की कान तिच्यावरून मूळ स्वर स्वतः ताडतो, आणि ही रांग चपट्या तारेत शाबूत असते. ती छाटते ते याच्या कितीतरी वरचे.

अंगठ्याने तार ठोकून वाजवायची असेल, किंवा वरातीत पिकअप गाडीवर बसून धुमाळ साज गाजवायचा असेल, तर राउंडवाउंडला पर्याय नाही. तिथे बेसने पुढे यायलाच हवे. घासून अर्धी सपाट केलेली तार आणि नायलॉनच्या पट्टीची काळी तार असे मधले प्रकारही मिळतात. पण ज्याला एकच संच परवडतो त्याने त्यांच्या नादी लागू नये.

फ्लॅटवाउंड महाग पडते हे खरे. पण हिशेब वर्षांचा करा. ती टिकते, फ्रेट कमी झिजवते, आणि दवाच्या रात्री ओल धरायला तिच्यात खाचा नसतात. एक काळजी घ्यावी. त्याच जाडीची चपटी तार बहुधा अधिक वजनाची, म्हणून ताणालाही अधिक असते. ती चढवल्यावर गिटारची मान पुढे वाकलेली दिसली तर आतली सळई जाणत्या माणसाकडून जुळवून घ्यावी.

नाटकाच्या आणि भजनाच्या साथीला माझा कौल निःसंशय चपट्या तारेला आहे. कंपन्यांनी आणि गावच्या मंडळांनी एका मोसमापुरता तरी हा प्रयोग करावा. नवी फ्लॅटवाउंड सुरुवातीला थोडी कडक वाजते, तिला मुरायला काही आठवडे लागतात. म्हणून संच दसऱ्याआधीच चढवा, म्हणजे पहिल्या मंडईपर्यंत तार तयार होईल.