दम कमी की वळण अवघड?

चेंडू हातातून निसटतो, बुटाची नाडी बांधायला वेळ लागतो, खो-खोत खांबाला वळसा घालताना तोल जातो, असा एखादा सोबती तुमच्याही वर्गात असेल. संघ निवडताना तो शेवटी उरतो आणि त्याच्यावर ‘आळशी’ असा शिक्का बसतो. हा शिक्का चुकीचा आहे. शंभरांतील सुमारे ५ ते ६ मुलांना हालचालींचा मेळ बसवणे अवघड जाते. यामागे बुद्धीची उणीव, अधू दृष्टी किंवा स्नायूंचा आजार नसतो. वैद्यकशास्त्रात याला ‘विकासात्मक समन्वय विकार’ म्हणतात.

अशा मुलांचा दमसास सरासरीने कमी भरतो, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. पण दमसास मोजतात कसा? कॅनडातील ल्युक लेजे यांनी १९८२ साली सहकाऱ्यासह मांडलेली २० मीटर धावण्याची चाचणी जगभर वापरली जाते. दोन रेषांमध्ये ये-जा करायची. वेग ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला ०.५ किलोमीटरने वाढतो.

आता थोडे गणित करू. ४० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मुलाची गतिज ऊर्जा सुरुवातीला सुमारे १११ ज्यूल असते. आठव्या मिनिटाला वेग ताशी १२ किलोमीटर होतो आणि ऊर्जा २२२ ज्यूल, म्हणजे दुप्पट! प्रत्येक रेषेपाशी ही ऊर्जा शून्यावर आणायची आणि उलट दिशेने पुन्हा मिळवायची. ज्याला पाऊल नेमके कोठे टाकावे याचा अंदाज येत नाही, त्याची दोन पावले जास्त पडतात आणि दम शिल्लक असतानाही तो मागे पडतो. म्हणजे ही चाचणी फुप्फुसांबरोबर कौशल्यही मोजते.

मग सगळा दोष चाचणीचाच का? नाही. जिथे वळण घ्यायचे नसते, अशा स्थिर सायकलवरही या मुलांचा दमसास सरासरीने कमीच आढळतो. कारण उघड आहे. खेळता येत नाही म्हणून हसे होते, हसे होते म्हणून मूल कडेला बसते. बसून राहिल्याने हृदय व स्नायू यांना सराव मिळत नाही. मग ते लवकर थकते आणि खेळणे आणखी अवघड होते.

हे चक्र तोडता येते. भरभर चालणे, सरळ धावणे, पोहणे यांत झेल सुटण्याची भीती नसते आणि स्पर्धा स्वतःच्या कालच्या नोंदीशी ठेवता येते. शिक्षकांनी कौशल्याचे लहान तुकडे पाडावेत : आधी मोठा, मऊ चेंडू जवळून, मग हळूहळू लहान चेंडू लांबून. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो सर्वांच्याच वाट्याला यायला हवा.

करून पाहा : १०० मीटर सरळ धावा. पुरेशी विश्रांती घेऊन १० मीटरच्या १० फेऱ्या मारा. दोन्ही वेळा घड्याळात वेळ मोजा. अंतर तेवढेच, पण वेळ जास्त! हा फरक तुमच्या ९ वळणांचा आहे. मित्राच्या फेऱ्या मोजताना तो ध्यानात ठेवा.