आशाताई काय शिकतात? बाळाचे पहिले ४२ दिवस

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची वाट महाराष्ट्रानेच दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत स्थानिक महिलांना ही काळजी घ्यायला शिकवले. तुलनेच्या गावांपेक्षा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. २०११ पासून देशभरातील आशा, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका, हेच काम करतात. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, गगनबावड्याच्या दूरच्या वाड्यांवर त्याचे मोल फार मोठे.

■ भेटी : दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी; घरी झाल्यास पहिल्या दिवशीही.

■ पिशवीत : वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, दुपटे.

■ मोजणी : बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा. ६० किंवा जास्त भरल्यास पुन्हा मोजायचा. पुन्हा ६० किंवा जास्तच आला तर धोका. जन्मवजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असल्यास जादा लक्ष.

■ घरच्यांना सांगणे : जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजा, चीक टाकू नका. मध, घुटी, पाणी नको. नाळेला तेल-हळद लावू नका, ती कोरडी ठेवा. टोपडे घाला, बाळाला आईच्या उराशी ठेवा.

■ धोक्याच्या खुणा : दूध ओढणे थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय गळणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, अंग गार पडणे किंवा तापणे. यातली एक जरी दिसली, तरी १०२ किंवा १०८ला फोन करून बाळाला तातडीने दवाखान्यात न्या. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात आजारी नवजात बालकांसाठी विशेष कक्ष आहे.