भक्कम बँक कशी बुडते?

1930 ते 1933 या चार वर्षांत अमेरिकेत सुमारे 9,000 बँका बंद पडल्या. त्या सगळ्या काही लबाडांच्या नव्हत्या. जपून चालवलेल्या बँकाही त्यांत गेल्या.

आधी साधा हिशेब. गावच्या बँकेत लोकांच्या 100 डॉलरच्या ठेवी आहेत असे धरू. त्यातले दहाएक डॉलर बँक रोख ठेवते, काही डॉलरचे कर्जरोखे घेते, उरलेले शेतकरी-दुकानदारांना कर्जाऊ देते. तो पैसा शेतात आणि मालात गुंतलेला असतो, सवडीने परत येणार असतो. ठेवीदाराला मात्र ‘मागाल तेव्हा देऊ’ असा शब्द दिलेला असतो. सगळे एकदम मागत नाहीत, म्हणून तो पाळता येतो.

आता बँक डळमळल्याची अफवा उठते. रांगेत पुढे असणाऱ्याला पूर्ण पैसे मिळणार, मागच्याला खिडकी बंद दिसणार. त्यामुळे बँकेवर विश्वास असलेला माणूसही रांगेत जाऊन उभा राहतो. त्याला दोष देता येत नाही. त्याच्यापुरते तो बरोबरच वागतो. रोख संपली की बँक कर्जरोखे पडेल भावाने विकते. त्यामुळे त्यांचा भाव आणखी उतरतो आणि तेच रोखे बाळगणारी शेजारची बँकही तोट्यात दिसू लागते. मग कर्जवसुलीचा तगादा सुरू होतो, जमिनी लिलावात निघतात, त्यांच्या किमती कोसळतात आणि कालपर्यंत चांगले असलेले कर्ज बुडीत होते. अफवा अशी खरी ठरते.

अमेरिकेत हे फार पसरले, कारण अनेक राज्यांत बँकेला दुसरीकडे शाखा काढायची कायद्याने मुभाच नव्हती. एक बँक, एक गाव, बहुधा एकच पीक. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव पडले तेव्हापासूनच दरवर्षी शेकडो छोट्या बँका बुडत होत्या. शेजारच्या कॅनडात मोजक्या मोठ्या बँका देशभर शाखा काढून बसल्या होत्या. तिथे मंदीत एकही बँक बुडाली नाही.

11 डिसेंबर 1930 ला न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बंद झाली. नाव सरकारी वाटे, पण बँक खासगी होती. तिचे चार लाखांवर ठेवीदार होते, त्यांत कपड्यांच्या धंद्यातले ज्यू स्थलांतरित पुष्कळ. अशा वेळी रोख पुरवण्यासाठीच 1913 मध्ये फेडरल रिझर्व्ह स्थापन झाली होती. पण बहुतेक छोट्या बँका तिच्या सभासद नव्हत्या आणि ती मोजक्याच तारणांवर कर्ज देई. तरीही तिला बरेच करता आले असते. ते तिने केले नाही, हे मला या कहाणीतले सर्वांत मोठे अपयश वाटते. लोक नोटा घरात दडवू लागले आणि 1929 ते 1933 दरम्यान देशातला चलनपुरवठा जवळजवळ एक तृतीयांशाने आटला.

4 मार्च 1933 ला रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. दोनच दिवसांनी त्यांनी देशभरच्या बँकांना सक्तीची सुट्टी जाहीर केली. 12 मार्चला, रविवारी रात्री, त्यांनी रेडिओवरून बँकेचे काम कसे चालते ते सोप्या शब्दांत समजावले. दुसऱ्या दिवसापासून, तपासणीत ठीक ठरलेल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडल्या आणि लोक पैसे परत भरायला रांगेत उभे राहिले.

कायमचा उपाय मात्र ठेव विम्याचा. रूझवेल्ट स्वतः त्याला राजी नव्हते. अलाबामाचे काँग्रेस सदस्य हेन्री स्टीगल यांनी तो लावून धरला. जून 1933 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 1934 पासून 2,500 डॉलरपर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळाले. हप्ता बँका भरत. निधी एकूण ठेवींच्या मानाने लहानच होता, पण पैसे बुडणार नाहीत हे कळल्यावर छोट्या ठेवीदाराला धावत सुटण्याचे कारण उरले नाही. 1934 मध्ये विमा असलेल्या फक्त 9 बँका बुडाल्या.

आपल्याकडे 1960 मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर असाच कायदा झाला. 1 जानेवारी 1962 ला 1,500 रुपयांपासून सुरू झालेली मर्यादा 2020 मध्ये 5 लाख झाली. ती दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे असते. एकाच बँकेच्या चार शाखांत एकाच नावावर ठेवी विभागल्या, तरी मुद्दल-व्याज मिळून मर्यादा एकच.