बालीची श्रीदेवी आणि पाण्याची पाळी

आपल्याकडे खळ्यावर धान्याची रास पडली की तिची पूजा झाल्याशिवाय कोणी मापाला हात लावत नाही. समुद्रापार, इंडोनेशियातल्या बाली बेटावरचा शेतकरीही कापणीच्या वेळी भाताच्या लोंब्यांची बाहुली बांधतो आणि देवी म्हणून तिला कोठारात ठेवतो. तिचे नाव देवी स्री. म्हणजे आपलीच श्री, लक्ष्मी!

ही श्री तिकडे गेली ती मुख्यतः फौजेबरोबर नव्हे, गलबतांबरोबर. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीपासून व्यापारी ये-जा करीत. त्यांच्यामागून ब्राह्मण गेले, बौद्ध भिक्षू गेले, पोथ्या गेल्या. शेजारच्या जावा बेटावर बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप आणि प्रंबाननचे शिवमंदिर नवव्या शतकात उभे राहिले. पुढे जावात इस्लाम पसरला. बालीने मात्र जुना धर्म सोडला नाही. तेथे आजही शंभरांत ऐंशीहून अधिक लोक हिंदू आहेत, आणि पुरोहितांत शैव व बौद्ध असे दोन्ही आहेत.

पण बालीच्या लोकांनी आपले मूळचे देवही टाकले नाहीत. गावठी खुंटावर डोळा भरावा तसे झाले. भाताची माय तेथे आधीपासून होती, तिला श्रीचे नाव मिळाले. डोंगराचे, तळ्याचे, पूर्वजांचे देव शिवाविष्णूंच्या शेजारी बसले. पूजेच्या पाण्याला ते ‘तीर्थ’च म्हणतात.

या तीर्थाचा शेतीशी जवळचा संबंध आहे. एका पाटावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला तेथे ‘सुबाक’ म्हणतात. इ. स. १०७१ च्या लेखातही त्याचा उल्लेख सापडतो. सुबाकाचे देऊळ असते. तेथेच बैठक भरते आणि लावणी कोणी केव्हा करायची ते ठरते.

त्यात मोठे शहाणपण आहे. पाणी सगळ्यांना एकदम पुरत नाही, म्हणून लावण्या मागेपुढे ठेवाव्या लागतात. पण ज्याने त्याने मन मानेल तेव्हा लावणी केली, तर कोठे ना कोठे भात उभे राहते आणि किडीला बारमाही चारा मिळतो. म्हणून शेजारचे सुबाक एकाच सुमारास कापणी उरकतात. शिवार एकदम मोकळे झाले की कीड उपाशी मरते. वरचा शेतकरी खालच्याला पाणी सोडतो ते यासाठीच. खालची कीड वर चढायला वेळ लागत नाही.

१९७० नंतरच्या दशकात सरकारने नवे वाण आणले आणि जमेल तितक्या वेळा भात घ्यायला सांगितले. देवळाची पाळी मोडली. थोड्याच काळात पाण्याची ओढाताण सुरू झाली, तपकिरी तुडतुड्यांनी शेते बसवली. पुढे स्टीफन लान्सिंग या अमेरिकन अभ्यासकाने संगणकावर हिशेब मांडून दाखवला की देवळाची जुनी पाळीच पाणी आणि कीड या दोहोंचा उत्तम मेळ घालते. शेतकरी तर आधीच त्या पाळीकडे वळू लागले होते. वाण नवे राहिले, पाळी जुनी आली.

२०१२ साली युनेस्कोने सुबाकाच्या शिवारांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. पण हॉटेले आणि बंगले भाताची जमीन गिळत आहेत, पाणीही ओढत आहेत. शेतच विकले गेले, तर कोठारातली श्री कशाच्या लोंब्यांची बांधायची?