जागतिक चर्चेत तरुणांचा आवाज : नवा रायपूरची बैठक आणि सदर बाजार

रायपूर : सदर बाजारातील सराफी पेढ्यांवर रोज जो सोन्याचा भाव सांगितला जातो, तो रायपुरात ठरत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा हा भाव चढला. जुलै 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा तो घसरला. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेले आणि सुरत-मुंबईतील निर्यातप्रधान दागिने उद्योग अडचणीत आला. पेढीच्या मागील खोलीत काम शिकणाऱ्या विशीतील कारागिराच्या रोजीवर मॉस्को, वॉशिंग्टन आणि नवी दिल्ली येथील निर्णयांचा परिणाम होतो. या निर्णयांच्या आधी त्याचे मत कोणी विचारते का, हा प्रश्न वरकरणी भाबडा वाटेल. पण गेल्या दहा वर्षांत संयुक्त राष्ट्रे, ‘जी-20’ आणि विविध देशांची सरकारे यांनी तो अधिकृतपणे स्वीकारला आहे. उत्तर मात्र अर्धवटच मिळाले आहे आणि त्याचा एक धडा रायपूरमध्येच पाहायला मिळतो.

भारताकडे ‘जी-20’चे अध्यक्षपद असताना, फेब्रुवारी 2023 च्या अखेरीस, नवा रायपूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेत (आयआयएम) ‘वाय-20’ची विचारविनिमय बैठक झाली. ‘वाय-20’ हा ‘जी-20’च्या सहभाग गटांपैकी तरुणांचा गट. उद्योगांसाठी ‘बी-20’, कामगार संघटनांसाठी ‘एल-20’, महिलांसाठी ‘डब्ल्यू-20’ असे इतर गट आहेत. या गटांनी शिफारशी करायच्या आणि त्या राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेपर्यंत पोहोचवायच्या, अशी रचना आहे. शिफारशी स्वीकारण्याचे बंधन कोणावरही नाही. त्या का नाकारल्या, हे सांगण्याचेही नाही.

त्या वर्षी ‘वाय-20’समोर पाच विषय होते : कामाचे भवितव्य, हवामान बदल, शांतता व सलोखा, लोकशाहीतील तरुणांचा सहभाग आणि आरोग्य व क्रीडा. रायपूरच्या वाट्याला आलेला विषय होता शांतता आणि ‘युद्धविरहित युगाची सुरुवात’. मार्च 2023 मध्ये पुण्यात सिंबायोसिस विद्यापीठातील बैठकही याच विषयावर झाली. ऑगस्टमध्ये वाराणसीच्या शिखर बैठकीत अंतिम निवेदन संमत झाले.

रायपूरच्या विषयाचे शीर्षक आले कोठून, हे पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर 2022 मध्ये समरकंद येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांना आजचे युग युद्धाचे नाही, असे सांगितले. नोव्हेंबर 2022 मध्ये बाली येथील ‘जी-20’ जाहीरनाम्यात हा आशय आला. फेब्रुवारीत तो रायपूरच्या तरुणांपुढे चर्चेचा विषय म्हणून ठेवला गेला आणि सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या जाहीरनाम्यात पुन्हा उमटला. म्हणजे हे सूत्र नेत्यांकडून तरुणांकडे गेले. तरुणांकडून नेत्यांकडे नव्हे. सूत्र चांगलेच आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु विषयपत्रिका कोण ठरवतो, हा सहभागाचा पहिला निकष असतो आणि तेथे तरुणांची भूमिका निमंत्रिताची होती.

याच भागातील तरुणांच्या पदरी शांततेविषयीचा एक जळजळीत अनुभव आहे. रायपूरच्या दक्षिणेला बस्तर आहे आणि बस्तरला लागून महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. माओवादी दलांत तरुण मुले-मुली भरती केली जात होती. 2005 नंतर ‘सलवा जुडूम’च्या काळात दुसऱ्या बाजूनेही आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे देण्यात आली. पाचवीपर्यंतचे शिक्षण त्यासाठी पुरेसे मानले जात होते आणि मानधन महिना 3,000 रुपये होते. सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2011 रोजी ही नेमणूक घटनाबाह्य ठरवली, तेव्हा अशा विशेष अधिकाऱ्यांची संख्या सुमारे 6,500 होती. युद्धाच्या दोन्ही बाजूंना तरुणच उभे होते. वाटाघाटीच्या मेजावर मात्र ते कोणत्याच बाजूने नव्हते.

नेमक्या याच विसंगतीवर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 9 डिसेंबर 2015 रोजी ठराव क्रमांक 2250 संमत केला. जॉर्डनने पुढाकार घेतलेला हा ‘तरुण, शांतता आणि सुरक्षा’ या विषयावरील पहिलाच ठराव. 18 ते 29 वयोगटातील व्यक्तींना त्याने तरुण मानले. सहभाग, संरक्षण, प्रतिबंध, भागीदारी आणि पुनर्वसन ही त्याची पाच सूत्रे आहेत. तोपर्यंत सुरक्षेच्या चर्चेत तरुण आला तर तो संभाव्य हल्लेखोर किंवा बळी म्हणूनच येत असे. ठरावानुसार झालेला अभ्यास 2018 मध्ये परिषदेपुढे आला. चार हजारांहून अधिक तरुणांशी बोलून तयार झालेल्या त्या अहवालाने वगळले जाणे हीदेखील एक हिंसाच आहे, अशी मांडणी केली. पुढे 2018 आणि 2020 मध्ये आणखी दोन ठराव आले. 2022 मध्ये महासभेने संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र युवा कार्यालय स्थापन करण्याचा निर्णय घेतला आणि उरुग्वेचे फेलिपे पाउलिये त्याचे पहिले प्रमुख झाले. ठराव, अहवाल, कार्यालय हा क्रम परिचित आहे. सदस्य देशांनी काय करायचे, ते अखेर त्या त्या देशावरच सोडले गेले.

तरुण कोणाला म्हणायचे, हाही साधा प्रश्न नाही. संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी 15 ते 24 हा गट धरते. भारताच्या 2003 च्या युवा धोरणात ही मर्यादा 13 ते 35 होती. 2014 मध्ये ती 15 ते 29 झाली. नवा रायपुरात फेब्रुवारी 2023 च्या त्याच अखेरच्या आठवड्यात काँग्रेसचे महाअधिवेशन भरले होते. पक्षाच्या कार्यकारिणीतील निम्म्या जागा ज्या घटकांसाठी राखून ठेवण्याचे तेथे ठरले, त्यांत तरुणांचाही समावेश होता. तरुण म्हणजे तेथे 50 वर्षांखालील. राजकारणात तारुण्य लांबते, याची कारणे कायद्यातही आहेत. 61 व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणले. लोकसभेची उमेदवारी मात्र 25 व्या वर्षीच मिळते आणि राज्यसभेची 30 व्या वर्षी. आंतरसंसदीय संघाच्या पाहणीनुसार जगभरातील खासदारांमध्ये 30 वर्षांखालील व्यक्तींचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी आहे.

मग आत शिरतो कोण? सदर बाजारापासून जवळच असलेल्या बुढापारा भागात 1877 ते 1879 या काळात नरेंद्रनाथ दत्त हा किशोरवयीन मुलगा कुटुंबासह राहिला होता. रेल्वे नव्हती, त्यामुळे नागपूरपासून पुढचा प्रवास बैलगाडीने झाला. हाच मुलगा पुढे स्वामी विवेकानंद म्हणून 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलला, तेव्हा तो 30 वर्षांचा होता. भाषण सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीची अडचण फारशी सांगितली जात नाही : त्यांच्याकडे प्रतिनिधी असल्याचे कोणतेही पत्र नव्हते. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांनी शिफारस केली आणि मगच दार उघडले. आज पत्राऐवजी अधिस्वीकृतीचा बिल्ला असतो, ऑनलाइन अर्ज असतो, इंग्रजीतील मुलाखत असते. ज्याला राइट भेटत नाहीत, त्याचा प्रश्न तसाच उरतो.

शेजारच्या ओडिशातील सुंदरगडच्या अर्चना सोरेंग यांचे उदाहरण या बाबतीत महत्त्वाचे आहे. खडिया आदिवासी समाजातील सोरेंग यांची जुलै 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हवामान बदलावरील युवा सल्लागार गटात निवड केली. जगभरातून केवळ सात जण निवडले गेले होते. जंगलाविषयीचे पारंपरिक ज्ञान हवामान धोरणात आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. अशी निवड मोलाची आहेच; परंतु सात जणांवर साऱ्या जगाच्या तरुणांचे ओझे टाकणारी ही पद्धत वरून निवडण्याचीच आहे.

खालून वर गेलेला मार्ग पॅसिफिक महासागरातील वानुआतू या छोट्या देशात सापडतो. तेथील विद्यापीठ परिसरात 2019 मध्ये कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी ठरवले की, हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायला हवे. त्यांनी कोणत्याही युवा परिषदेच्या निमंत्रणाची वाट पाहिली नाही. आपल्या भागातील सरकारांना पत्रे लिहिली. वानुआतू सरकारने मागणी उचलून धरली. 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने हा प्रश्न न्यायालयाकडे पाठवण्याचा ठराव एकमताने संमत केला आणि 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने आपले मत दिले : हवामान रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याचा भंग झाल्यास भरपाईचा प्रश्न उभा राहू शकतो. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, पण जगभरातील न्यायालयांत ते उद्धृत होणार. नवा रायपूरची बैठक आणि महासभेचा हा ठराव यांत महिनाभराचे अंतर होते. एकीकडे तरुणांना उत्तर म्हणून निवेदन मिळाले. दुसरीकडे तरुणांनी प्रश्न विचारला आणि न्यायालयाला उत्तर द्यावे लागले.

युरोपातील एक व्यवस्थाही सांगण्यासारखी आहे. कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेत 1972 पासून युवा कार्यक्रम आणि त्यांचा निधी यांचे निर्णय सरकारी प्रतिनिधी आणि 30 युवा प्रतिनिधी एकत्र बसून घेतात. तेथे तरुण केवळ मत देत नाही, खर्चावर सहीही करतो. अर्थात ही सत्ता युवा विभागापुरतीच आहे. युद्ध, व्यापार वा निर्वासित यांविषयीचे धोरण तेथेही ज्येष्ठांच्याच हाती आहे.

आणि त्या धोरणांचा फटका वय पाहून बसत नाही. 2022 मध्ये ‘ऑपरेशन गंगा’द्वारे युक्रेनमधून सुमारे 22,500 भारतीय परत आणले गेले. त्यांतील बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी होते; छत्तीसगड आणि महाराष्ट्रातीलही. शिक्षण अर्धवट, कर्ज डोक्यावर आणि पदवीचे काय होणार याची धास्ती, अशा अवस्थेत ते घरी आले. युद्धाला एक वर्ष पूर्ण होत असतानाच नवा रायपुरात शांततेवर चर्चा झाली, हे लक्षात घेतले तर या तरुणांइतके अधिकारी वक्ते दुसरे कोण असू शकले असते?

भाषेचा अडसर याहून खोल आहे. संयुक्त राष्ट्रांचे कामकाज सहा भाषांत चालते, ‘वाय-20’चे प्रामुख्याने इंग्रजीत. बस्तर-गडचिरोलीतील लाखो लोकांची गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. या उणिवेवर छत्तीसगडमध्येच एक उपाय शोधला गेला होता. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वरा’ या उपक्रमात कोणीही साध्या मोबाइलवरून गोंडी, कुडुख, छत्तीसगढी किंवा हिंदीत आपले म्हणणे नोंदवू शकत असे. त्यासाठी ना इंग्रजी लागत होते, ना शिफारसपत्र. थकलेली मजुरी, बंद पडलेला हातपंप, न मिळालेले रेशन असे विषय असत. तक्रारीसोबत संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांकही ऐकवला जाई, म्हणजे ऐकणारे थेट त्यालाच विचारू शकत. काम झाले की तीच व्यक्ती पुन्हा फोन करून तसा दुसरा संदेश नोंदवी.