'उंबरठा' : मातृत्व, विवाह आणि स्त्रीवादी वाचनांतील मतभेद

जब्बार पटेल दिग्दर्शित 'उंबरठा' हा चित्रपट १९८२ साली प्रदर्शित झाला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर तो आधारलेला असून पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली सुलभा महाजन (स्मिता पाटील) वकील पती सुभाष आणि लहान मुलगी राणी यांना मागे ठेवून संगमवाडी येथील स्त्रियांच्या आश्रमाची अधीक्षिका म्हणून निघून जाते. तेथील भ्रष्ट व्यवस्थेशी झगडून राजीनामा देऊन ती परतते, तेव्हा मुलगी दुरावलेली असते आणि पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. सुलभा पुन्हा घर सोडते.

या दुसऱ्या गृहत्यागाभोवतीच स्त्रीवादी वाचनांतील मतभेद मुख्यतः केंद्रित झालेला आहे. एका बाजूस, पत्नीपद व मातृपद यांपलीकडे स्त्रीला स्वतःचे कार्य असू शकते, हे मराठी पडद्यावर इतक्या निःसंदिग्धपणे प्रथमच मांडले गेले, असे म्हटले जाते. इब्सेनच्या नोराचे (१८७९) स्मरण येथे अटळच ठरते. दुसऱ्या बाजूचा आक्षेप मार्मिक आहे. पतीला बाहेरख्याली दाखवून पटकथेने सुलभेच्या जाण्याला नैतिक परवाना मिळवून दिला. आणि निपुत्रिक जावेच्या ओटीत मूल घालून मातृत्वाचा प्रश्न अलगद बाजूला सारला. पती निष्ठावंत असता तर तिचे जाणे प्रेक्षकांनी मान्य केले असते काय?

कथानकाच्या रचनेपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु दोन्ही पक्ष दुसऱ्या प्रस्थानाकडे पाहतात, आणि खरे धाडस पहिल्यात आहे याकडे त्यांचे दुर्लक्ष होते. त्या वेळी सुभाषचा कोणताही अपराध घडलेला नसतो. घर सुखवस्तू असते, छळ नसतो, मूल लहान असते. सुलभेपाशी कामाची ओढ सोडून दुसरे समर्थन नसते. पतीच्या दोषाने स्त्रीला मोकळीक मिळते, हा आपल्या कौटुंबिक कथांचा जुना संकेत. पहिल्या प्रस्थानात तो मोडलेला आहे, अखेरीस मात्र तो मागील दाराने परत येतो. चित्रपट आपल्याच धाडसाला थोडा बिचकतो, असे म्हणावेसे वाटते.

बंगळुरूत बसून हा चित्रपट पाहताना कन्नड 'शरपंजर' आठवल्यावाचून राहत नाही. (सुभाषची भूमिका करणारे गिरीश कार्नाड येथील वाचकाला आधी नाटककार म्हणून परिचित, हा आणखी एक धागा.) त्रिवेणी यांच्या कादंबरीवरून पुट्टण्णा कणगाल यांनी १९७१ साली केलेल्या या चित्रपटातील कावेरी प्रसूतीनंतरच्या मनोविकाराने रुग्णालयात जाते, बरी होऊन परतते, आणि तिलाही घर मिटलेले व पती अन्य स्त्रीत गुंतलेला आढळतो. ती पुन्हा वेडाकडे ढकलली जाते. दोन्ही कथांतील परतीचा प्रसंग जवळजवळ एकच आहे. कावेरीच्या अनुपस्थितीला आजाराचे कारण होते, आणि त्या आजाराचे मूळही मातृत्वातच होते. तरीही तिला क्षमा नाही. सुलभा तर आपखुशीने गेलेली. तेव्हा घराचा रोष स्त्रीच्या निवडीवर नसून तिची जागा काही काळ रिकामी राहिली यावर असतो, हे दोन्ही चित्रपट एकत्र ठेवले म्हणजेच ध्यानी येते.

शीर्षकांचाही विचार येथे करावयास हवा. 'बेघर' हा शब्द गमावलेल्या घराकडे निर्देश करतो. हिंदी आवृत्तीचे 'सुबह' हे नाव उजाडण्याचा जरा स्वस्त दिलासा देते. 'उंबरठा' मात्र दुहेरी आहे. नववधू माप ओलांडून ज्या उंबरठ्यावरून आत येते, त्याच्याबाहेर तिने स्वेच्छेने टाकलेले पाऊल दूषणास्पद ठरते. क्रियापद दोन्हीकडे 'ओलांडणे' हेच. कन्नडमधील 'होस्तिलु' या शब्दाभोवतीही मापाचा असाच विधी आहे, त्यामुळे हे शीर्षक येथील श्रोत्यांना फारसे उलगडून सांगावे लागत नाही.

राहता राहिली ती जाऊ. राणीला वाढवणारी, न्हाऊमाखू घालणारी तीच. सुलभेने मुलीला टाकले काय, हा वाद दोन्ही पक्ष राणीला जणू आईच उरली नाही असे गृहीत धरून घालतात.